आईच्या ओव्या माझ्या रक्तात लिहिता येतील का?

वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारी: पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ३१ वर्षं डीएनए काढण्याचं काम करून निवृत्त झालेली तंत्रसहायक)

प्रश्न: ताई, मी कराडजवळच्या गावात राहते. वय ५८. माझ्याकडे आईच्या जात्यावरच्या ओव्यांच्या सात कॅसेट आहेत, भावाने १९९१ साली टेपवर भरलेल्या. शेवटची चार वर्षं आई मला ओळखत नव्हती. तरी जात्याजवळ बसवलं, खुंट्यावर हात ठेवला, की ओवी अडखळत का होईना बाहेर यायची. आता मलाच नावं आठवेनाशी झाली आहेत. परवा समोरच्या जावेचं नाव सुचेना. माझा भाचा सांगतो की हल्ली डीएनएमध्ये वाट्टेल तेवढी माहिती साठवता येते. मग आईच्या ओव्या माझ्याच रक्तात लिहून ठेवता येतील का? मी विसरले तरी त्या माझ्यात राहतील. आणि पुढे नातीच्या अंगात उतरतील का?

उत्तर: नाही. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबलचक आहे आणि तेवढा वेळ तुम्हाला आशेवर ठेवणं बरं नव्हे.

भाचा खोटं बोललेला नाही, अर्धं बोललाय. डीएनएत माहिती साठवता येते हे खरं. पण तो डीएनए यंत्रावर बनवलेला असतो, कुपीत कोरडा ठेवलेला असतो, आणि कुणाच्या अंगाशी त्याचा काही संबंध नसतो. माणसाच्या अंगात मजकूर घालायचा उद्योग एकाने करून पाहिला. २०१८ साली फ्रान्समधल्या एका शाळकरी मुलाने धर्मग्रंथांतले उतारे डीएनएच्या अक्षरांत उतरवले, त्यापासून तयार करून घेतलेला माल स्वतःच्या मांड्यांत टोचला आणि ते जाहीर केलं. काही दिवस थोडी सूज आली. यापलीकडे त्या प्रयोगातून हाती काही लागलं नाही, आणि जाणत्यांनी त्याचे कान उपटले ते ठीकच झालं.

आता 'लिहिणं' म्हणजे काय ते बघू, म्हणजे 'नाही' का म्हणते ते कळेल.

डीएनए ही चार अक्षरांची माळ आहे: ए, सी, जी, टी. संगणकाची बाराखडी शून्य आणि एकची. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या तर चारच जोड्या होतात, मग प्रत्येक जोडीला एक अक्षर द्यायचं. ०० म्हणजे ए, ०१ म्हणजे सी, १० म्हणजे जी, ११ म्हणजे टी. पाठकोऱ्या कागदावर कुणालाही जमेल. मी एका लग्नपत्रिकेच्या मागे केलं होतं. संगणक देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह २४ शून्य-एकांत ठेवतो, म्हणजे डीएनएची १२ अक्षरं झाली. 'आई' हा शब्द असा उतरतो:

टीजीएए जीजीसीए जीएसीजी
टीजीएए जीजीसीए जीएजीए

दोन्ही ओळींची सुरुवात बघा. पहिली आठ अक्षरं तीच. 'क' लिहा, 'ळ' लिहा, तीच. दीर्घ वेलांटी किंवा मात्रा आली तर आठवं अक्षर तेवढं बदलतं. म्हणजे बारातली आठ अक्षरं 'मी देवनागरी आहे' एवढं ओरडण्यात खर्च, आणि खरं सांगायचं ते उरलेल्या चारांत. 'स्त्री' लिहायला सहा चिन्हं लागतात, स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी, म्हणजे ७२ अक्षरं. शिवाय एकच तुकडा असा पुन्हापुन्हा आला की डीएनए बनवताना आणि जुळवताना त्रास होतो. आपल्या लिपीपुरता वेगळा तक्ता केला तर दर चिन्हाला चार अक्षरांत भागेल, पण तो तक्ता पन्नास वर्षांनी कुणाजवळ तरी असायला हवा. नाहीतर मोडीची गत. दफ्तरं शाबूत, आणि वाचणारे शोधत फिरायचं.

तर 'आई' म्हणजे २४ अक्षरं. आमच्या कामात हे अगदी रोजचं माप. डीएनएची नक्कल सुरू करायला प्रायमर म्हणून जे तुकडे मागवतात ते १८ ते २५ अक्षरांचेच असतात. निवृत्तीच्या वर्षी शेवटच्या ऑर्डरच्या वेळी मी माझ्या पैशाने एक जादा तुकडा मागवला. चारशे रुपयांच्या आत बसला. चार दिवसांनी कुरियरने नळी आली, करंगळीच्या पेराएवढी, आणि आत बघितलं तर काही नाही. तळाशी इतका पातळ थर की तो आहे यावर विश्वासच ठेवायचा. चिठ्ठीवर दहा नॅनोमोल लिहिलं होतं. हिशेब केला तर साठ कोटी कोटी प्रती. एवढ्या वेळा आईला आयुष्यात हाक मारली नसेल. ती नळी अजून घरी आहे, लवंग-वेलदोड्याच्या जुन्या डबीत. नुसत्या २४ अक्षरांचा तुकडा सरळ यंत्रात घालून वाचताही येत नाही, दोन्ही टोकांना आणखी अक्षरं जोडावी लागतात. ते मी कधी केलेलं नाही.

आता तुमची ओवी. काने-मात्रे आणि मोकळ्या जागा धरून एका ओवीत शंभरेक चिन्हं धरू. झाली १२०० अक्षरं. माणसाच्या पेशीत बाहेरचा डीएनए पोचवायचा तर बहुतेक वेळा विषाणूच्या रिकाम्या खोळीत घालून न्यावा लागतो. जनुकोपचारात, म्हणजे रुग्णाच्या पेशींत नवा डीएनए घालून करायच्या उपचारात, जी एक छोटी खोळ खूप वापरतात तिच्यात साधारण ४,७०० अक्षरं मावतात. म्हणजे चार ओव्याही पुऱ्या नाहीत. आणि हे झालं नुसत्या मजकुराचं. तुम्हाला आवाज हवाय, आणि मलाही तुमच्या जागी आवाजच हवा असता. नेहमीच्या एमपीथ्री दर्जाच्या एका सेकंदाला ६४,००० अक्षरं लागतात. खोळीत बसेल तो सेकंदाचा तेरावा-चौदावा हिस्सा. जात्याची घरघर सुरू व्हायच्या आधीच जागा संपली.

'रक्तात' म्हणालात, म्हणून आणखी एक. रक्त लाल दिसतं ते ज्या पेशींमुळे, त्या तांबड्या पेशींत गाभाच नसतो, म्हणजे डीएनए ज्यांत गुंडाळलेला असतो ती गुणसूत्रंही नसतात. आम्ही रक्तातून डीएनए काढायचो तो पांढऱ्या पेशींतून. त्यांतल्या निम्म्याहून जास्त काही दिवसांतच मरतात. वहीची पानं अशी रोज गळणार असतील तर ती वही कसली?

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माणसाच्या पांढऱ्या पेशींत मुद्दाम नवा डीएनए घालण्याचं काम आज आपल्या मुंबईत होतं. आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून कर्करोगावरची जी कार-टी उपचारपद्धत उभी केली, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्या टी पेशी, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढतात, विषाणूच्या खोळीतून त्यांच्यात एक जनुक घालतात, त्या वाढवतात आणि परत सोडतात. तो तुकडा पेशीच्या डीएनएत कायमचा शिवला जातो. म्हणजे शिवणकाम येतं. पण ते मरण समोर असलेल्या माणसासाठी करतात, कारण त्यात धोका आहे.

धोका कसला, ते पॅरिसमध्ये कळलं. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांवर १९९९ पासून तिथे जनुकोपचार झाले आणि मुलं बरी झाली. काचेआड ठेवावी लागणारी बाळं घरी गेली. मग २००२ पासून त्यांच्यातल्या काहींना रक्ताचा कर्करोग होऊ लागला. एकूण चौघांना झाला, एक दगावलं. घातलेला तुकडा चांगलाच होता, पण तो नको तिथे, पेशींची वाढ चाळवणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसला होता. तेव्हापासून खोळी सुधारल्या, जागा हेरून शिवायची तंत्रंही आली. पण जीव वाचवायला घेतलेली जोखीम आणि ओव्या ठेवायला घेतलेली जोखीम एका तागडीत घालणारा डॉक्टर तुम्हाला भेटला, तर तिथून उठा.

आणि समजा, काहीही बिघाड न होता बसल्या ओव्या. वाचणार कोण? मेंदू डीएनए वाचत नाही. आठवण राहते ती मेंदूतल्या पेशींच्या एकमेकींशी असलेल्या जोडण्यांमध्ये, त्या किती घट्ट आहेत यात. गुणसूत्रावर लिहिलेली ओवी तुमच्या ओठांवर येण्याचा रस्ताच नाही. ती वाचायला रक्त काढा, डीएनए वेगळा करा, यंत्रावर चढवा, अक्षरं जुळवा, तक्ता लावा. म्हणजे ते तुमचं स्मरण राहणारच नाही, ते गोंदण होईल, आणि तेही कातडीच्या आतल्या बाजूला. आमची आजी म्हणायची, मेल्यावर बरोबर काय येतं, तर गोंदण. तिचं निदान तिला दिसत तरी होतं.

पेशीने स्वतःच्या डीएनएत नोंद ठेवावी, असे प्रयोग मात्र खरोखर झालेत, आणि ते मला या सगळ्यात जास्त आवडतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत मानवी पेशींत अशी योजना केली की त्यांना सूज आणणारं काही भेटलं की त्यांच्या डीएनएतल्या एका ठरलेल्या जागी बदल साचत जावेत. त्या पेशी उंदरात ठेवल्या, नंतर काढून वाचल्या आणि किती सूज सोसली याचा अंदाज लागला. दाराच्या चौकटीवर दुधाच्या रतिबाच्या रेघा ओढतात ना, तसं. २०१७ मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी जिवाणूंच्या डीएनएत पळत्या घोडीची पाच चित्रांची छोटी फिल्म घातली आणि साधारण ९० टक्के बरोबर परत काढली. जिवाणू वाढत होते, दुप्पट होत होते, आणि घोडी पळत राहिली. पण ते जिवाणू. बिघडले तर बशी फेकून देता येते.

नातीचं. तुमच्या रक्तातलं काहीही नातीकडे जाणार नाही, ती वाट बीजपेशींची, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्रजंतूंची. बीजात किंवा गर्भात बदल करायला भारतात मनाई आहे, २०१९ च्या जनुकोपचाराच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट म्हटलंय. चीनमध्ये एका शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये गर्भात बदल केलेल्या जुळ्या मुलींचा जन्म जाहीर केला, तर त्याला तीन वर्षांची कैद झाली. शिवाय बीजातून गेलं तरी ते दर पिढीला निम्म्यांनाच मिळणार. एका नातीच्या अंगात आजी, दुसरीच्या नाही. भांडणाला आणखी एक कारण.

आणि नक्कल करताना चुका होतातच. आईबापांकडे नव्हते असे साठ-सत्तर नवे अक्षरबदल प्रत्येक बाळात असतात. जनुकात घातक चूक झाली तर ती बहुधा निसर्गच छाटतो. तुमच्या ओवीत 'माहेर'चं काहीतरी भलतंच झालं, तर निसर्गाला त्याचं सोयरसुतक नाही. पोथीच्या शेवटी लेखकू 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया' लिहून हात झटकायचा, जसं दिसलं तसं लिहिलं. पेशीही तेवढंच करते.

आता अंगाबाहेरची गोष्ट, भाच्याने ऐकलेली. २०१२ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांनी ५३,००० शब्दांचं एक पुस्तक डीएनएत उतरवलं. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटने शेक्सपिअरची १५४ सुनीतं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचे २६ सेकंद आणि आणखी काही मजकूर घातला. त्यांची युक्ती मला बघताक्षणी ओळखीची वाटली. मजकुराचे शंभर-शंभर अक्षरांचे तुकडे केले, आणि प्रत्येक पुढचा तुकडा पंचवीसच अक्षरं सरकवला, म्हणजे प्रत्येक अक्षर चार तुकड्यांत आलं. एक तुकडा बिघडला तर बाकीचे तीन साक्षीला. आमच्या गल्लीत वेद तोंडपाठ म्हणणारे एक घनपाठी गुरुजी होते. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं-तिसरं, अशी शब्दांची विणकाम केल्यासारखी उलटसुलट गुंफण. लहानपणी आम्ही हसायचो. चूक पकडायची सोय होती ती.

२०१८ पर्यंत मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने २०० मेगाबाइट डीएनएत ठेवून दाखवले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माझ्या मघाच्या मापाने त्या सगळ्यांचा मजकूर ३० मेगाबाइटच्या आसपास भरेल. म्हणजे लाख ओव्या एका थेंबाच्या तळाशी आरामात बसतील. हे मलाही भारी वाटतं, नाही म्हणत नाही.

भाव मात्र ऐका. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या दोघा संशोधकांनी दोन मेगाबाइटच्या किंचित वर माहिती डीएनएत घातली, तिला लिहायला ७,००० डॉलर आणि वाचायला २,००० डॉलर लागले. त्या भावाने तुमची एक तासाची एक कॅसेट लिहायला दीड कोटी रुपये पडतील. आणि वेग म्हणाल, तर २०१९ मध्ये लिहिण्यापासून वाचण्यापर्यंत सगळं आपोआप करणारं यंत्र दाखवलं, त्याने 'हॅलो' एवढी पाच रोमन अक्षरं पार करायला २१ तास घेतले.

टिकण्याचं विचाराल तर डीएनएची जात चिवट आहे, पण थंड आणि कोरडं असेल तर. सैबेरियाच्या गोठलेल्या मातीतल्या मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांपूर्वीचा डीएनए २०२१ मध्ये वाचला गेला. आणि आपल्याकडे हरियाणातल्या राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने उत्खनन केलं, तेव्हा साठाहून जास्त नमुने तपासून एकाच सांगाड्यातून कामाचा डीएनए मिळाला, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचा. ऊन आणि ओल, दोन्ही वैरी. मी हे घरच्या मैदानावर शिकले. एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या उणे ऐंशीच्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर गेला. पाच दिवसांनी दार उघडलं तर रक्ताच्या नळ्यांचं सगळं आंबोण झालेलं, अकरा वर्षांचे नमुने. वास अजून आठवतो. त्याच खोलीत लाकडी खणात गाळणकागदावर वाळवलेले रक्ताचे डाग होते, कुणी लक्षही न दिलेले. ते शाबूत निघाले. तेव्हापासून मी फ्रीजरपेक्षा कोरड्या खणावर जास्त भरवसा ठेवते.

म्हणून तुमच्या कॅसेट. त्या आधी वाजवून बघू नका. बुरशीचे पांढरे ठिपके दिसतात का ते कॅसेटच्या खिडकीतून पाहा. असतील तर जुन्या फिती साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या. नसतील तर चांगल्या डेकवर एकदाच वाजवून संगणकात घ्या, न दाबलेल्या, म्हणजे वेव्ह (WAV) फाइलमध्ये. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी, भाच्याकडेच द्या, त्याने विषय काढलाय. ऐकत ऐकत ओव्या कागदावर लिहून काढा आणि कोण, कुठलं गाव, कुठलं साल, कुणाच्या लग्नाच्या वेळची, हे शेजारी लिहा. आवाजात ते नसतं. आणि नात काय वयाची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. चालती-बोलती असेल तर जात्यावर बसवा.

नावं न आठवण्याचं मात्र पुढे ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा आणि ब१२ आणि थायरॉइड तपासायला सांगा. आपल्याकडे शाकाहारी बायकांत ब१२ कमी असणं फार आढळतं आणि त्यानेही विसरायला होतं. ते सुधारता येतं.

प्रश्न: मी लातूरला बारावीत आहे. माणसाच्या डीएनएमध्ये तीन अब्ज अक्षरं आहेत आणि त्यातली एक-दोन टक्केच प्रथिनं बनवतात, बाकीचा 'जंक' आहे असं वाचलं. मग ती रिकामी जागा हार्ड डिस्कसारखी का वापरत नाहीत?

उत्तर: हिशेब छान सुरू केलास, पुरा करू. तीन अब्ज अक्षरं गुणिले दोन बिट (म्हणजे शून्य-एक), भागिले आठ, कारण आठ बिटांचा एक बाइट. साडेसातशे मेगाबाइट. तुझ्या जन्माआधी सीडी नावाची चकती मिळायची, तिच्यात सातशे मावायचे. म्हणजे तुझा एक संच एका सीडीएवढा. तुझ्या फोनमधल्या लग्नाच्या व्हिडिओंना पुरणार नाही.

'जंक' हा शब्द १९७२ साली सुसुमू ओहनो यांनी रूढ केला आणि तो जरा जास्तच चिकटला. त्या जागेतलं बरंच काही खरोखर बिनकामाचं असेलही, पण कुठलं ते वरून सांगता येत नाही. एक उदाहरण देते. मोठेपणी दूध पचवायला लॅक्टेज लागतं. बहुतेक माणसांत ते जनुक लहानपणानंतर मंदावतं. काहींत चालू राहतं, युरोपात पुष्कळ जणांत, आपल्याकडे वायव्येच्या बाजूला जास्त. हा फरक ज्या एका अक्षराने पडतो ते लॅक्टेजच्या जनुकात नाहीच. ते जवळजवळ १४,००० अक्षरं लांब, शेजारच्या दुसऱ्याच जनुकाच्या आत, प्रथिनं न बनवणाऱ्या भागात बसलंय. तिथे तू तुझी भौतिकशास्त्राची जर्नल लिहिलीस तर बासुंदी बंद. मोकळा दिसणारा प्लॉट घेताना आपण सातबारा बघतो की नाही? डीएनएचा सातबारा अजून पुरता लिहून झालेला नाही.

आणि निव्वळ जागाच हवी असेल तर माणूस कशाला? कांद्याच्या डीएनएत साधारण १६ अब्ज अक्षरं असतात, आपल्या पाचपट. लासलगावच्या एका गोणीत काय काय मावेल ते तूच काढ. (परीक्षेत लिहू नकोस.)

प्रश्न: 'तुमचे कौटुंबिक फोटो तुमच्याच डीएनएमध्ये कायमचे जपा' अशी जाहिरात मोबाइलवर आली. लाळेचा नमुना पाठवायचा आणि आगाऊ रक्कम भरायची. सोलापूरला आमच्या सोसायटीत तिघांनी चौकशी केली. घ्यावं का?

उत्तर: लाळ कशाला हवी, हे त्यांना विचारा. फोटो डीएनएत लिहायला तुमचा डीएनए लागत नाही. तो यंत्रावर बाटल्यांतल्या रसायनांपासून अक्षरागणिक बनतो. तुमची थुंकी त्यात कुठेच येत नाही. लाळेतून मिळतो तो तुमचा स्वतःचा डीएनए, त्यात तुमचे आजार, तुमची भावंडं, तुमची मुलं, सगळ्यांची थोडी थोडी माहिती असते, आणि ती एकदा गेली की पासवर्डसारखी बदलता येत नाही.

खऱ्या विक्रीचा भाव सांगते, तुलनेला. २०२३ च्या अखेरीस एका फ्रेंच कंपनीने डीएनएत मजकूर ठेवलेलं कार्ड विकायला काढलं. एक किलोबाइट, हजार डॉलर. देवनागरीत ती ३४१ चिन्हं होतात, म्हणजे घाईत लिहिलेलं पोस्टकार्ड. मोबाइलवरचा एक फोटो दोन-तीन हजार किलोबाइटचा असतो. तेव्हा जाहिरातवाला अल्बमभर फोटोंचे पाच-दहा हजार रुपये मागत असेल तर तो काय विकतोय ते तुम्हीच ओळखा. सोसायटीतल्या त्या तिघांना आजच सांगा, आणि कुणी लाळेचा डबा मागवून ठेवला असेल तर तो उघडायच्या आधी सांगा.